वापरायला की देण्याघेण्याला?

आमच्या दुकानात साडी घ्यायला कुणी बाई आली, की ती गादीवर टेकते न टेकते तोच तिला पहिला प्रश्न जातो, "ताई, वापरायला की देण्याघेण्याला?" धुळ्याच्या आग्रा रोडवर कापडाचा धंदा करणारा कुणीही हा प्रश्न दिवसातून पन्नासदा विचारतो. विचारणाऱ्याला त्यात काही वाटत नाही, ऐकणारीलाही नाही. "देण्याघेण्याला" असं उत्तर आलं की नोकराचा हात आपोआप वेगळ्या फळीकडे वळतो. तिथल्या साड्या घडीत असेपर्यंत छान दिसतात. घडी मोडून एकदा पाण्यातून काढली की रंग उतरतो, काठ गोळा होतो, आणि मग ती साडी भांडेवालीच्या टोपलीत नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी आहेरात जाते. वडील गादीवर होते तेव्हापासून हे असंच चाललंय. मी स्वतः तीस वर्षं हा प्रश्न विचारत आलोय.

हाच प्रश्न सोबत घेऊन आपण डोंगरातही जातो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

२०१६ चा डिसेंबर होता. आम्ही आठ मित्र दरवर्षी दत्तजयंतीच्या सुमारास दोन गाड्या काढतो. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं दर्शन, घोडेबाजारात तास-दोन तास, मग प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर केदारेश्वराला हात जोडायचे आणि शहाद्यावरून तोरणमाळ गाठायचं. सातपायरीचा घाट चढून वर आलं की हवाच बदलते. खाली खान्देशात दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो, तर वर यशवंत तलावाच्या काठावर चार वाजताच कान गार पडायला लागतात. त्या वर्षी आमच्यातल्याच एकाने सुचवलं, की नुसतं फिरून काय यायचं, थंडीचे दिवस आहेत, तिकडच्या एखाद्या पाड्यावर ब्लँकेटं वाटू. सगळ्यांना पटलं. विचार चांगला होता, आजही मी त्याला चांगलाच म्हणेन.

ब्लँकेट म्हणजे माझं खातं. मी एक फोन केला आणि साठ नग मागवले. पानिपतला देशोदेशीचे जुने लोकरी कपडे येतात, ते फाडून, पिंजून, त्याचं पुन्हा सूत काढून ही ब्लँकेटं विणतात. त्यातही प्रती असतात. सगळ्यात खालच्या प्रतीला आम्ही धंद्यात वाटपाचा माल म्हणतो. विकत घेणारा वेगळा आणि पांघरणारा वेगळा, हे विणणाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून तो तसाच विणतो. मला हे सगळं माहीत होतं. तरी फोनवर मी तेच शब्द वापरले, "वाटपाचा माल पाठवा." माझ्या घरी त्यातलं एकही ब्लँकेट मी कुणाच्या अंगावर घातलं नसतं.

पाड्यावर पोचलो तर निम्मी घरं बंद. कुडाच्या दारांना काटक्या आडव्या लावलेल्या. लोक बाजाराला गेले असतील असं मी धरून चाललो. जे होते ते सगळे म्हातारे, आणि त्यांच्या भोवती लहान पोरं. एका म्हाताऱ्याने आम्हाला पाहून घरातून खाट बाहेर काढली, झटकली आणि झाडाखाली ठेवली. मी त्यांना हाक मारली, "ए मामा, सगळ्यांना बोलव ना इकडे." सपाटीवरची आम्ही माणसं डोंगरातल्या कुठल्याही वयाच्या माणसाला असंच हाकारतो. खाटेवर कुणी बसलं नाही. सूर्यास्ताच्या आत पॉइंटवर पोचायचं होतं. बॅनर धरला, रांग लावली, फोटो काढले. पोरं साठाहून जास्त निघाली, मग शेवटच्या चार-पाच नगांवरून ओढाताण झाली. एका आजीच्या हातातलं ब्लँकेट दुसरीने ओढलं. दोघी एकाच घराण्यातल्या असाव्यात. गाडीत बसल्यावर आमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, "बघा, किती गरज आहे!" आणि मीही मान हलवली.

परत आल्यावर वहीत हिशेब मांडला. व्यापाऱ्याची सवय. डिझेल धुळ्याचं, पाण्याची खोकी धुळ्याची, फरसाण धुळ्याचं, कोंबडी शहाद्याची, मसाला घरचा, ब्लँकेटं पानिपतची. बेरीज करून आठाने भागली आणि ज्याचे त्याचे पैसे घेतले. वही मिटताना लक्षात आलं, की दोन दिवस सातपुड्यात होतो, पण तिथल्या एकाही माणसाच्या हातावर मालाचे किंवा कामाचे म्हणून आम्ही रुपया ठेवलेला नाही. फुकट दिलं ते एवढं, आणि विकत घेतलं ते काहीच नाही. त्या हिशेबाने मला बरेच दिवस अस्वस्थ केलं.

पुढच्याच मार्चमध्ये होळी आली. नंदुरबारच्या एका नातेवाइकाने काठीची होळी दाखवायला नेलं. अक्कलकुवा तालुक्यातलं हे काठी म्हणजे जुन्या संस्थानिकांचं गाव, तिथली राजवाडी होळी साऱ्या सातपुड्यात मानाची. उंचच उंच बांबू लोक खांद्यावरून आणतात, रात्रभर ढोल चालतो, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेले, अंगभर ठिपके काढलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बुध्ये नाचत राहतात, आणि होळी पेटते ती पहाटे. बुध्याचं व्रत असतं, होळीआधी किती दिवस तो पाळणूक करतो. हे कळलं तेव्हा माझ्या हातातला मोबाइल मी खिशात घातला. व्रतात असलेल्या माणसाच्या तोंडासमोर येऊन लोक फोटो काढत होते, आणि तो नाचत होता.

येताना वाट वाकडी करून त्या पाड्यावर गेलो. पाडा भरलेला. बंद पाहिलेल्या सगळ्या घरांतून धूर निघत होता, अंगणात तरणी माणसं, नवे कपडे, हसणं-खिदळणं. तिथल्या शाळेवरचे गुरुजी मूळचे त्याच भागातले. त्यांना मी भाबडेपणाने विचारलं, डिसेंबरात ही सगळी मंडळी कुठे होती? ते म्हणाले, "ऊसतोडीला, गुजरातेत. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते ना." नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या फडात प्लास्टिकच्या कागदाची खोप, दंव पडलेल्या पहाटे तोडायला जायचं, तान्हं पोर बरोबर. होळीला मात्र कुठूनही, कसंही करून माणूस घरी येतो. डिसेंबरात ज्यांना सगळ्यात जास्त थंडी वाजत होती ते पाड्यावर नव्हतेच. घरात चूल पेटवून, जाड कुडाच्या आत झोपणाऱ्या म्हाताऱ्यांना आम्ही ब्लँकेटं देऊन आलो होतो आणि उघड्या फडात झोपणारे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

त्या ब्लँकेटांपैकी एक मला दिसलं. गोठ्याच्या कुडाला वाऱ्याच्या बाजूने टांगलेलं होतं. कापडाच्या माणसाला एक खोड असते, कापड दिसलं की अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून बघायचं. मी चोळलं. बोटांना करड्या लोकरीचा भुगा लागला, आणि मधल्या विरळ जाळीतून मला पलीकडचा बैल दिसला. तीन महिने झाले होते फक्त. ज्यांनी खाट काढली होती ते आजोबा शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा खाट काढली. या वेळी मी बसलो.

त्या भागात एक जुनी गोष्ट आहे. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराज नावाचे एक आदिवासी संत होऊन गेले. त्यांच्या आरतीला हजारो लोक जमत, दारू सोडत, आणि एकमेकांना 'आप' म्हणून हाक मारत. आजही त्यांच्या अनुयायांत 'आप की जय' म्हणतात. ज्या माणसांना सावकारापासून फौजदारापर्यंत सगळे अरे-तुरे करत, त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं ठरवलं. मला हे शाळेत कुणी शिकवलं नाही, आमच्या दुकानापासून दीडशे किलोमीटरच्या आत घडलेलं असूनही. कळलं तेव्हा माझी ती "ए मामा" हाक मला ऐकू आली. आता मी त्यांना दादा म्हणतो, अहो-जाहो करतो. सुरुवातीला त्यांना अवघडल्यासारखं झालं, मलाही झालं, मग दोघांच्याही अंगवळणी पडलं.

धुळ्याचा माणूस दानाबद्दल बोलायला लागला की विनोबा आठवणारच. १९३२ साली ते इथल्या तुरुंगात होते. फेब्रुवारी ते जून, अठरा रविवार, अठरा अध्याय, आणि साने गुरुजी लिहून घेत होते. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगितली आहे, 'देशे काले च पात्रे च'. मी लहानपणापासून यातल्या 'पात्र' शब्दावरच अडायचो. घेणारा लायक आहे का, तो दारूत तर घालवणार नाही ना, असाच त्याचा अर्थ आमच्या गप्पांत निघायचा. 'काळ' या शब्दाकडे कुणी बघत नव्हतं. डिसेंबर हा आमच्या सुटीचा काळ. त्यांचा थंडीचा काळ वेगळ्या जागी जातो, हे बघायला डोंगरात एकदा होळीला जावं लागतं. भुकेचंही तेच. आषाढ लागला की कणग्या रिकाम्या व्हायला लागतात, पीक हाताशी यायला अजून दोन महिने असतात. सरकारसुद्धा त्या दिवसांसाठी खावटी, म्हणजे पोटापुरती मदत, देत असे, इतका तो काळ ठरलेला आहे. त्याच दिवसांत आम्ही सीताखाईचा धबधबा बघायला जातो, घाटात दरड पडली की वैतागतो, आणि वैतागून परत फिरतो. पलीकडे एखाद्या बाळंतिणीला झोळीत घालून लोक चालत निघालेले असतात.

घाटातल्या चॉकलेटांचं तर सांगायलाच हवं. रविवारी वळणावळणावर पोरं उभी असतात. गाडी दिसली की हात पसरतात, "चॉकलेट, चॉकलेट" म्हणत पळतात, आणि काच खाली करून लोक चॉकलेटं, बिस्किटाचे पुडे बाहेर फेकतात. मीही फेकलेत. देताना फार बरं वाटतं, ते खोटं नसतं. गुरुजी म्हणाले, "शनिवारपासूनच पोरांचं लक्ष लागत नाही. घाटात कुठे उभं राहायचं यावरून भांडणं होतात. एक पोरगं गाडीमागे पळताना दरीकडे घसरलं, झुडपात अडकलं म्हणून वाचलं." या पोरांच्या आज्याने आम्हाला खाट दिली होती. त्याच्या नातवाला हात पसरायला आम्ही रविवारमागून रविवार शिकवत होतो. त्या दिवसापासून आमच्या गाडीतून काहीही फेकलं जात नाही. खाली उतरून बोलायला वेळ नसेल, तर काच वर.

आई आखाजीला घागर भरते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सालदाराचं साल त्या दिवशी सुरू होतं, आणि पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून वर खरबूज ठेवतात. उन्हाने जीव कासावीस होण्याच्या दिवसांत पाणी देण्याचा हा सण. एका वर्षी कुंभाराकडे जायचा मला कंटाळा आला, म्हणालो, मागच्या वर्षीची घागर आहे ना चांगली, तीच घासून घे. आई म्हणाली, "आखाजीले घागर नवीच लागस रे भाऊ. जुनी पित्तरसले चालत नही." ज्यांना दिसत नाही, जे तक्रार करायला येणार नाहीत, त्यांच्यासाठी घागर नवी. ब्लँकेटाचा भुगा माझ्या बोटांना पुन्हा लागला.

त्याच आखाजीनंतर मी एकटाच धडगाव भागात गेलो. उन्हाळ्यात तिकडे कुणी फिरायला जात नाही, झरे आटलेले, डोंगर तांबडे. पण पाहायचं तर तेव्हाच. सगळ्या डोंगरात आमचूर चाललेला असतो. घरोघर अंगणात कैऱ्यांचे ढीग, बायका-पोरी भोवती बसून साली काढताहेत, फोडी करताहेत आणि कातळांवर, छपरांवर, जुन्या साड्यांवर वाळत घालताहेत. लांबून पाहिलं तर डोंगरावर कुणी धुणं पसरलंय असं वाटतं. त्या आजोबांच्या घरची मावशी सुरी अशी चालवत होती, की साल एका लांब फितीत उतरून तिच्या पायाशी गुंडाळून पडत होती. कैरीच्या चिकाने तिची बोटं काळी पडली होती, टोकं फाटली होती. ती म्हणाली, फोड पांढरी राहिली तर भाव, मध्येच वळवाचा पाऊस आला आणि काळी पडली तर व्यापारी निम्म्यावर मागतो. टोपलीच्या टोपल्या कैऱ्या, आणि वाळल्यावर ओंजळी-ओंजळीने मोजायचं धन. आमच्या वरणात चिमूटभर पडतो तो हा.

मी पाच किलो मागितला. भाव तिलाच विचारला आणि कमी करायला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाने घासाघीस केली नाही की आम्हाला चैन पडत नाही, तशी तीही जरा गोंधळली. तराजू समोर आणला, काटा बरोबर झाला, आणि मग तिने ओंजळभर आमचूर वर टाकला. साडेचार मीटर मागितलं की आम्ही वीतभर कापड जास्त फाडतो, तसाच. माझ्या धंद्यातली खूण तिच्या अंगणात मला ओळखू आली. सातपुड्यात इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाशी तरी बरोबरीने वागलो असेन तर त्या तराजूसमोर.

दुसऱ्या दिवशी भुषाला गेलो. नर्मदेच्या फुगवट्यात होडीने फिरवतात, आता बरेच पर्यटक येतात. दोन्हीकडे डोंगर, मध्ये हिरवं संथ पाणी, फार सुंदर दिसतं. होडीवाला तरुण होता. मधोमध गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि बोटाने सरळ खाली दाखवलं. त्याच्या आजोबांचं शेत. सरदार सरोवराच्या पाण्यात नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची ३३ गावं आली. २०१९ च्या पावसाळ्यात ते धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीपर्यंत भरलं. तिथल्या विजेत २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. त्यातला उजेड किती, कुठे जातो ते सोडा, पण माझ्या दुकानात संध्याकाळी साड्यांचे रंग खुलवणाऱ्या दिव्यांखाली बसून मी ज्यांना 'गरजू' म्हणत होतो, त्यांनी आपली नदीकाठची काळी जमीन आधीच देऊन टाकली होती. कुणी बॅनर धरला नव्हता, आणि खरं तर त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. विनोबांनी त्या सतराव्या अध्यायावर बोलताना दानाला परोपकार म्हटलेलं नाही. समाजाचं ऋण आपल्यावर असतं, ते फेडणं म्हणजे दान, असं ते सांगतात. मी हे पूर्वी वाचलं होतं. त्या होडीत ते पहिल्यांदा हिशेबाच्या वहीसारखं समोर उघडलं. ऋणकोने सावकारासारखं वागू नये, एवढं तर व्यापाऱ्याच्या पोराला कळतंच.

जुन्या काळी आपल्याकडे फिरणाऱ्याने द्यायचं नसायचं, घ्यायचं असायचं. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते, तिची वाट महिन्याहून जास्त दिवसांची. रोजचं जेवण, रोजचा मुक्काम गावं देतात. वारकरी वाटेतल्या गावाला काय देतो? त्याच्या अंगणात बसून जेवतो, अभंग म्हणतो, पुढल्या वर्षी परत येतो. माझे आजोबा सांगायचे, की दारात आलेल्या वारकऱ्याने भाकरी नाकारली तर घरची बाई रडायची. आम्ही डब्यात सगळं घेऊन जाणारे आणि खाटेवर न बसणारे पाहुणे त्या पाड्याला कसे वाटले असतील, याचा मी आता पुष्कळदा विचार करतो.

आता आमचं जरा बदललंय. पूर्ण बदललंय असं म्हणणार नाही. दसऱ्यानंतर, टोळ्या निघायच्या आधी, आम्ही दोघं-तिघं जातो. कुणाला काय लागतं ते पाड्याचे कारभारी आणि गुरुजी मिळून ठरवतात, यादी त्यांची. चादरी नेतो त्या दुकानात गिऱ्हाइकाला विकतो त्याच, सोलापुरी, जड. पैसे तेवढेच जमतात, त्यामुळे साठाच्या जागी बावीस होतात. उरलेल्या घरांची पाळी पुढच्या वर्षी. यावर आमच्यात वादही झाले. एक मित्र म्हणतो, साठ जणांना थोडी ऊब मिळाली असती. त्याचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही, पण ते गोठ्याच्या कुडावरचं ब्लँकेट त्याने पाहिलेलं नाही. शाळेच्या पोरांच्या कपड्यांसाठी तागे मी देतो, शिवण्याचं काम जवळच्याच एका गावात ज्याच्याकडे मशीन आहे त्याला, शिलाई रोख. पहिल्या वर्षी खिशांची उंची चुकली. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतः येऊन मापं घेतली.

जेवण पाड्यावरच. मक्याची भाकरी, आमचूर घातलेली उडदाची डाळ, पातीचा कांदा, कधी गावठी कोंबडी. पैसे घ्यायला घरातलं कुणी तयार होईना. पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घ्यायचे म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. हे बायकांच्या बचत गटाने सोडवलं. ताटाचा दर गटाने ठरवला, पैसे गटात जमा, रांधायची पाळी घरोघर. मधल्या काळात दोन घरांत पाहुणे कुणाकडे उतरायचे यावरून धुसफूस झाली, ती आम्ही एकाच घराकडे वळत होतो म्हणून. चांगल्या मनाने गेलं तरी आपण एखाद्या पाड्यात काय हलवून येतो हे येऊन-जाऊन कळत नाही, तिथे राहणाऱ्याला कळतं. म्हणून आता आम्ही त्यात बोलत नाही.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. उजाड झालेलं जंगल त्या गावाने स्वतःचे नियम करून राखलं, वाढवलं. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली ती त्या कामासाठी. तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते, बाया आपापल्या भाज्या रांधून मांडतात, आम्ही नुसतं पाहत आणि खात फिरतो, आणि किती भाज्यांची आपल्याला नावंही ठाऊक नाहीत हे कळून गप्प होतो. तिथे जाताना हातात काही वाटायला न्यावं असं मला कधी सुचलंच नाही. असं का, हे मी स्वतःला विचारलं. गाव आपल्या कामात होतं आणि मी पाहुणा होतो, इतकं ते साधं होतं. तोरणमाळच्या वाटेवरचा पाडाही आपल्या कामातच होता, मला ते काम दिसलं नव्हतं.

या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, दुकानात गर्दी नव्हती. पायरीशी चपला काढून एक बाई आत आली, बरोबर तिची सून. क्षणभर ओळख पटली नाही, माणूस आपल्या जागेवरून हललं की तसं होतं. मग बोटं दिसली, चिकाने काळी पडलेली. मावशी. सुनेला धुळ्याला दवाखान्यात दाखवायला आणलं होतं, एसटीला दोन तास होते, गुरुजींनी दुकानाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलेलं. मी नोकराला पाणी आणायला पाठवलं, गादीवर बसवलं. तिने कमरेची पिशवी सोडली, पैसे मोजून मांडीवर ठेवले. आमचुराचे पैसे असणार.

"साडी पाहिजे," ती म्हणाली.

तीस वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "वापरायला की देण्याघेण्याला?"

"देयाला. बहिणीच्या पोरीचं लगीन आहे." मग फळ्यांकडे बघत म्हणाली, "चांगली दाखवा. देयाची आहे."

नोकर त्या दुसऱ्या फळीकडे वळला होता, त्याला मी थांबवलं आणि स्वतः उठून वरच्या घड्या काढल्या. तिने सात-आठ उलगडायला लावल्या, काठ उजेडात नेऊन पाहिला, पदर अंगठ्याने चोळला. हिरवी पसंत पडली, पण पोरगी सावळी आहे, तिला खुलणार नाही म्हणून बाजूला ठेवली. शेवटी जांभळी ठरली. भावावरून आमची घासाघीस झाली, मी पन्नास सोडले, ती शंभरावर अडून बसली, सून हसायला लागली. ब्लाउजचं कापड फाडताना मी वीतभर जास्त सोडलं. तिने ते पाहिलं, काही बोलली नाही, घडी तपासून पिशवीत घातली आणि एसटीची वेळ विचारली.